असोला नारळ आणि सोयरा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुलांच्या साहसकथांवरचं तुझं प्रकरण दोनदा वाचलं. मेहनत जाणवते. पण पहिल्याच पानावर 'साम्राज्यवादी' हा शब्द सात वेळा आलाय, आणि पुस्तक उघडण्याआधीच तू तो ठरवून ठेवला होतास असं वाटत राहतं. तुझा राग खरा आहे. तसा तो माझाही आहे. तरी त्या काळातल्या मुलांनी ही पुस्तकं अधाशासारखी वाचली, ती का, हे तुझ्या लिखाणात कुठेच नाही. ते आल्याशिवाय तुझा मुद्दा उभा राहायचा नाही. म्हणून आधी एकदा नुसती गोष्ट म्हणून वाच. पुढे काय होतं या ओढीनं पानं उलट.

'द कोरल आयलंड'पासून सुरुवात कर. १८५७च्या अखेरीस ते बाजारात आलं, पहिल्या आवृत्तीवर साल १८५८ आहे. इकडे उठाव पेटलेला होता, तो काळ. लेखक आर. एम. बॅलंटाइन, एडिंबराचा. सोळाव्या वर्षी तो कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या नोकरीत कॅनडाला गेला होता, पण प्रवाळबेट त्यानं कधी पाहिलं नव्हतं. नारळ पाहिला होता तो वाण्याच्या दुकानात, सोललेला, तीन डोळ्यांचा. नारळ झाडावरही असाच लागतो, अशी त्याची समजूत. म्हणून त्याच्या गोष्टीतला मुलगा झाडावर चढतो, चाकूनं नारळाला भोक पाडतो आणि आतलं 'लेमोनेड' पितो.

माझं आजोळ कोकणातलं. असोला, म्हणजे वरच्या सालीसकटचा, नारळ सोलताना मामाच्या कपाळावर घाम यायचा, सोडण निघता निघत नसे. शहाळं तासायलाही कोयताच लागायचा. त्यामुळे ते पान वाचताना मी थबकलो. या बेटावरचा नारळसुद्धा एडिंबराच्या दुकानातून आलाय. पुढे बॅलंटाइननं ही चूक आठवणींत मोकळेपणानं कबूल केली. तेव्हापासून तो प्रत्यक्ष पाहून लिहू लागला, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या बेल रॉकच्या दीपगृहावर जाऊन राहिला. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण त्याच पुस्तकातली बेटांवरची माणसं, ती नरभक्षक म्हणून रंगवलेली, तीही ऐकीव माहितीवरच बेतलेली होती. नारळाबद्दल त्यानं जशी कबुली दिली, तशी त्या माणसांबद्दल दिलेली माझ्या वाचनात नाही. तुझं प्रकरण इथून सुरू व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जहाज फुटून बेटावर आलेली तीन मुलं, जॅक, राल्फ आणि पीटरकिन. पाय टेकल्या टेकल्या पीटरकिन काय बोलतो, तेही बघ. राजाच्या नावानं बेट ताब्यात घेऊ, इथल्या काळ्या लोकांच्या चाकरीत शिरू आणि साहजिकच वर चढू, कारण रानटी मुलखात गोरे नेहमीच वर चढतात. जॅक राजा, राल्फ पंतप्रधान, आणि मी... तेवढ्यात जॅक म्हणतो, दरबारातला विदूषक! मुलं हसतात, वाचणारं मूलही हसतं. बेटावर माणूस आहे की नाही, हे अजून त्यांना माहीतसुद्धा नाही. तू हे वाक्य 'घोषणा' म्हणून उद्धृत केलंयस. ते थट्टेत आलंय, म्हणूनच ते इतकं खोल जातं. थट्टेतल्या गोष्टीशी कुणी वाद घालत नाही.

आणखी एक. 'इंग्रज' आणि 'ब्रिटिश' हे शब्द तू एकाच अर्थानं वापरलेस. स्कॉटिश लेखकाच्या बाबतीत तरी तसं करू नकोस.

आता बक्षिसांबद्दल. इंग्लंडमधल्या १८७०च्या शिक्षण कायद्यानंतर शाळा वाढल्या, तशी हजेरीबद्दल, वर्तनाबद्दल पुस्तकं बक्षीस द्यायची रीतही पसरली. रविवारच्या शाळांतही ती होतीच. ब्लॅकी आणि सनसारख्या प्रकाशकांची सोनेरी, चित्रमय कव्हरं डोळ्यांसमोर आण. पुष्कळदा पुस्तक निवडायचं मोठ्यांनी, घरी न्यायचं मुलानं. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला असं एक पुस्तक मिळालं. आत चिकटवलेली चिठ्ठी पिवळी पडलीय, कडा वाळवीनं खाल्ल्यात, आणि शाईतला एकच शब्द अजून स्पष्ट आहे: 'नियमितपणा'. वेळेवर शाळेत येणाऱ्या पोराच्या हातात शाळेनं युद्ध ठेवलं होतं.

ते युद्ध आपलं होतं. जी. ए. हेंटी (१८३२–१९०२) हा युद्धवार्ताहर होता. त्यानं शंभरावर पुस्तकं लिहिली, बहुतेक मुलांसाठी, आणि प्रस्तावनेत तो वाचकाला 'माझ्या प्रिय मुलांनो' म्हणून हाक मारायचा. मला मिळालेलं पुस्तक त्याचंच, 'अ‍ॅट द पॉइंट ऑफ द बेयोनेट', मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या युद्धावरचं. तुझ्या यादीत ते नाही, याचं मला वाईट वाटलं. त्यात एक इंग्रज मूल पोरकं होतं. त्याची मराठी आया, सोयरा, त्याला वाचवते, अंगाला रंग लावते, आपल्या माणसांत वाढवते. पुंतोजी म्हणून वाढलेला हा हॅरी लिंडसे पुढे इंग्रज म्हणून कंपनीच्या बाजूनं उभा राहतो. इंग्रजपण रक्तात असतं, वर रंग लावला तरी ते आत शाबूत राहतं, असा हा हिशेब. मराठी मुलानं रंग लावून इंग्रज व्हावं, असा उलटा प्रवास मला त्या पुस्तकात सापडला नाही.

आणि सोयरा? पहिल्या प्रकरणाचं शीर्षकच तिच्या इमानावर आहे. ती जीव धोक्यात घालते, वर्षानुवर्षं गुपित सांभाळते. तिनं त्या बाळाला झोपवताना काय म्हटलं असेल? मराठीच ना? हेंटीला तिचं इमान दिसलं. तिच्या मनाचं काय, हे विचारायला तो थांबला नाही. तू थांब. ती जिथे जिथे बोलते ती सगळी वाक्यं एका वहीत उतरवून काढ, आणि प्रत्येक वाक्यापुढे लिही की ती कुणाबद्दल बोलतेय. स्वतःबद्दल किती बोलते, ते मोज.

माझी प्रत पाठवतोय. चिठ्ठी सुटायला आलीय, पान जपून उलट. वही भरली की ये, दुपारी मी घरीच असतो.

तुझा,
सर