पावत्यांचा डेटाबेस उघडेना

प्रश्न : फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या कचेरीत मी हिशेब पाहतो. अभिषेकाच्या व देणग्यांच्या पावत्या हाताने फाडून नंतर मायएसक्यूएल 8.0 या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतो. परवा पावसात वीज गेली, तेव्हापासून सर्व्हर सुरूच होत नाही. एरर लॉगमध्ये पान (डेटा साठवण्याचा ठरावीक आकाराचा तुकडा) खराब झाल्याचे दिसते. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा आहे. एका परिचिताने लॉगच्या फायली पुसायला सांगितले आहे. तसे करावे का?

उत्तर : मुळीच नको. वीज जाण्यापूर्वी पक्के झालेले, परंतु मूळ फायलींत अजून न उतरलेले व्यवहार रीडू लॉगमध्येच असतात. मायएसक्यूएलची सेवा बंद करून संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा आणि पुढची सारी खटपट त्या प्रतीवरच करावी.

तुमचा बॅकअप वाटतो तितका जुना नाही. 8.0 मध्ये बायनरी लॉग (डेटातील प्रत्येक बदलाची नोंद) आपोआप चालू असतो आणि कोणी सेटिंग बदलले नसेल तर 30 दिवस टिकतो. तेव्हा नव्या इन्स्टॉलेशनवर बॅकअप चढवून, त्यानंतरचे व्यवहार मायएसक्यूएलबिनलॉग या हा लॉग वाचणाऱ्या साधनाने क्रमाने चालवले की काम बहुधा तिथेच मिटते.

तो लॉग नसेल तरच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये इनोडीबीच्या (मायएसक्यूएलमधला डेटा साठवणारा भाग) फोर्स रिकव्हरी या, बिघाड असूनही सर्व्हर उठवणाऱ्या सेटिंगचे मूल्य 1 करावे, सर्व्हर न उठल्यास 2, मग 3. मूल्य 4 पासून डेटाची कायमची हानी होऊ शकते. सर्व्हर उठला की एकेक टेबल डंप करावे, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घ्यावे. समजा, पावती क्रमांक 8412 पाशी डंप अडला, तर 8411 पर्यंतच्या ओळी वेगळ्या काढाव्यात आणि उरलेल्या शेवटच्या क्रमांकापासून उलट्या क्रमाने वाचत याव्यात. इनोडीबीचे पान सहसा 16 केबीचे असते, त्यामुळे एकच पान बिघडले असेल तर मधल्या थोड्याच पावत्या हरवतात, आणि त्या तुमच्या पावतीपुस्तकातील स्थळप्रतींवरून भरता येतील. (रिपेअर टेबल ही आज्ञा इनोडीबीला चालत नाही, तिच्यात वेळ घालवू नका.)

एरवी इनोडीबी नुसती वीज गेल्याने बिघडत नाही, कारण अर्धवट लिहिलेले पान डबलराइट बफरमधून (तिथे पानाची प्रत आधी लिहिलेली असते) पुन्हा उभे करण्याची सोय त्यात आहे. म्हणून माझा संशय डिस्कवर आहे. ती तपासल्याशिवाय नवा डेटाबेस तिच्यावर ठेवू नये.