मुंबईला स्वतःची संस्कृती आहे का? गिरणगावात जन्मलेल्या पुणेकराचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात शिकता, कॉलेजच्या प्रकल्पासाठी मुंबईचा इतिहास, अर्थव्यवस्था आणि संस्कृती यांची माहिती हवी आहे. पण सर म्हणाले की मुंबई हे इंग्रजांनी वसवलेलं बंदर, संस्कृती बघायची तर पुण्यात बघा. हे खरं आहे का?

नाही, खरं नाही. हेच वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते 1983 च्या दिवाळीत, कसब्यातल्या एका वाड्यात, जेवायला बसलो असताना. मी नऊ वर्षांचा होतो.

वडील मूळचे जुन्नर तालुक्यातले, मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या कापड गिरण्यांच्या वस्तीत, गिरणीच्या साचेखात्यात (साचे म्हणजे कापड विणायचे माग) कामाला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं, आईचं मंगळसूत्र गेलं, आणि चिंचपोकळीची खोली आत्याच्या हवाली करून आम्ही चौघं पुण्याला मावशीकडे आलो. मावशीच्या यजमानांना आम्ही काका म्हणतो. काका मनाने वाईट नाहीत, चार महिने त्यांनी आम्हाला सांभाळलं हे मी विसरलेलो नाही. पण त्या दिवशी शेजारच्या गृहस्थांशी बोलताना ते म्हणाले, "मुंबईत पैसा मिळेल, संस्कृती नाही मिळायची. यंत्रावर राबून माणूस यंत्र होतो."

वडील समोरच बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं हे काकांना माहीत होतं. शेकडो साचे एकदम धडधडत असतात तिथे वीस वर्षं काढली की कान जातातच. पण काकांना हे माहीत नव्हतं की साचेवाले त्या गोंगाटात एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. वडिलांनी ते वाक्य अख्खं वाचलं. मग मान खाली घातली आणि मावशीकडे थोडं वरण मागितलं.

रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी ट्रंक उघडली आणि मला दोन वस्तू दाखवल्या. एक धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. तो आता माझ्या टेबलावर आहे. हातभर लांबीला थोडा कमी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, पोटात कांडी बसवायची खाच आणि बाजूला एक बारीक भोक. नवी कांडी घातली की त्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं. भोकाभोवतीचं लाकूड काळं आणि गुळगुळीत झालं आहे. सुतासोबत कापसाची धूळ छातीत जायची, ती शेवटपर्यंत खोकल्यातून बाहेर पडत राहिली.

दुसरी वस्तू म्हणजे वही. लग्नाआधी वडील लालबागला गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहायचे. वीसेक गडी, पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. जेवण खानावळवाल्या मावशींकडे. वहीच्या पुढच्या बाजूला खोलीत दर शनिवारी होणाऱ्या भजनाचे अभंग आणि मागच्या बाजूला कामगारांच्या नाटकातलं त्यांचं स्वतःचं काम, प्रत्येक एन्ट्रीला लाल पेन्सिलीची खूण. रातपाळी करून आलेला माणूस दुपारी तालमीला जायचा. शेजारच्या खोलीतले कोकणातले लोक गणपतीत बाल्या नाच करायचे, घाटावरचे हनुमान थिएटरला तमाशा बघायचे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर हे शाहीर याच वस्तीतून गात होते. यंत्र झालेल्या माणसांचे हे उद्योग नव्हेत.

आता तुमच्या सरांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग. इंग्रजांच्या आधी इथे ओसाड खडक होते ही समजूत सोडून द्या. कोळी होते, त्यांची मुंबादेवी होती, वाळकेश्वर आणि बाणगंगा शिलाहारांच्या काळापासूनची. कान्हेरी आणि घारापुरीची लेणी तर त्याहून जुनी. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटं पोर्तुगीजांना दिली, 1661 च्या लग्नाच्या तहात ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि 1668 मध्ये त्याने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. 1687 मध्ये कंपनीने सुरतेचं मुख्य ठाणं इथे हलवलं. सात बेटं भरणी करून एक झाली ती पुढे दीड-दोनशे वर्षांत.

पण शहर उभं राहिलं ते कुणाच्या पैशावर आणि कुणाच्या घामावर? आधी चीनला जाणारी अफू आणि कापूस, मग 1861 ते 65 च्या अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला सोन्याचा भाव. त्याच दशकात बोरघाटातून रेल्वे खाली उतरली आणि घाटावरचा कापूस थेट बंदरात जाऊ लागला. पहिल्या कापड गिरणीची कंपनी 1854 मध्ये कावसजी दावर यांनी काढली. म्हणजे भांडवल पारशी, भाटिया, बोहरा सावकारांचं आणि हात रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतले. तुमच्या प्रकल्पात हे वाक्य ठळक लिहा. डबेवाले सुद्धा बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचे. मुंबई ज्यांनी चालवली त्यातले कितीतरी पुणे जिल्ह्याचेच आहेत, पण पुण्यातल्या पेठांनी त्यांना कधी आपलं म्हटलं नाही.

संस्कृतीचंही सांगतो. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं ते मुंबईत. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं ठरलं होतं. पुण्यात पटकी (कॉलरा) पसरली म्हणून डिसेंबर 1885 मध्ये ते मुंबईला भरलं. जोतीरावांच्या सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आणि 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या त्या याच घाटी-कोकणी कामगारांनी. टिळक गेलेसुद्धा मुंबईत, सरदारगृहात, आणि त्यांना अग्नी दिला गिरगाव चौपाटीवर. काकांच्या दिवाणखान्यात टिळकांची मोठी तसबीर आहे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खाल्लेल्यांतही गिरणगावची माणसं होती. 1 मे 1960 ला मुंबई राजधानी झाली ती त्यांच्यामुळे. पुढे त्याच वस्तीचं काय झालं बघा. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी मिळायचा होता. 2001 मध्ये नियम बदलून फक्त मोकळ्या जागेचा हिशेब धरला, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं, आणि चिमण्या पाडून मॉल आणि टॉवर उभे राहिले. आजची अर्थव्यवस्था म्हणजे शेअर बाजार, बँका, सिनेमा, बांधकाम. त्याची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल.

प्रकल्पासाठी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, बाणगंगा आणि हुतात्मा चौक बघाच. पण एक दुपार लालबाग-परळच्या एखाद्या जुन्या चाळीत घालवा आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाशी बोला. मोठ्याने बोलू नका, त्याच्या समोर बसा आणि ओठ नीट हलवा.

हेही खरं की मी गिरणगावाचं तेवढं सांगितलं, ईस्ट इंडियन म्हणवणारे इथले मूळचे ख्रिस्ती, कोकणी मुसलमान, दक्षिणेकडून आलेले लोक राहून गेले. संप वेळीच मिटवायला हवा होता असं वडील स्वतः म्हणायचे. आणि पुण्यानेच आम्हाला जगवलं, भोसरीच्या कारखान्यात वडिलांना रखवालदाराची नोकरी मिळाली, माझं शिक्षण इथेच झालं.

काका आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना आता माझ्या वडिलांपेक्षाही कमी ऐकू येतं. मागच्या दिवाळीला मी ती वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून अभंग वाचले, मग वही उलटी करून नाटकाची पानं बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "अक्षर कुणाचं आहे हे?"

मी त्यांच्या समोर बसून वडिलांचं नाव सांगितलं.