अफगाण चर्च, चुना आणि रंगीत काच : वाचकांचे प्रश्न

कुलाब्याच्या चर्चला ‘अफगाण चर्च’ का म्हणतात? तिथे अफगाण वस्ती होती का? (वाचक, डोंबिवली)

वस्ती नव्हती. या चर्चचं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात गेलेल्यांचं ते स्मारक आहे, म्हणून लोकांच्या तोंडी ‘अफगाण’ बसलं.

१८३८ साली कॉजवे, म्हणजे समुद्रातून बांधलेला जोडरस्ता, खुला होईपर्यंत कुलाबा हे वेगळं बेट होतं. तिथे लष्कराची छावणी आणि प्रार्थनेसाठी एक साधं, छोटं चॅपेल होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस सर जॉन कीनच्या हाताखाली मुंबईची फौज सिंधमार्गे काबूलच्या मोहिमेवर निघाली. युद्धाचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे काबूलहून माघारी निघाले. बर्फात आणि खिंडींमध्ये त्यांची धूळधाण झाली. १३ जानेवारीला जलालाबादच्या वेशीत पोचला तो एकटा डॉक्टर विल्यम ब्रायडन.

चर्चमधल्या लेखात अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. पुढे म्हटलं आहे की, १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत आजाराने किंवा तलवारीने पडलेल्या साध्या शिपायांची संख्या इतकी मोठी आहे की सर्वांची नावं कोरणं शक्य नाही. हे वाक्य तिथे उभं राहून, सावकाश वाचावं. त्या मोहिमांत मुंबई फौजेच्या देशी पलटणीही होत्या. १८४० साली बलुचिस्तानातला काहानचा किल्ला वेढ्यात काही महिने लढवला तो पाचव्या मुंबई पलटणीने. पुढे तीच एकशेपाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनला ‘काली पांचवी’ म्हणतात ते याच वारशातून. अफगाण चर्च म्हणजे ‘साहेबांची गोष्ट’ असं समजून पुढे जाऊ नये, ही आमची कळकळीची विनंती.

चर्च पाहताना नेमकं काय पाहावं? आणि मनोरा एवढा उंच कशासाठी? (वाचक, ठाणे)

मनोऱ्यापासून सुरुवात करू. सरकारने जागा दिली ती एका अटीवर : बंदरात येणाऱ्या जहाजांना कळस दिसला पाहिजे. म्हणून तो १९८ फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर चढवला. पायाचा दगड ४ डिसेंबर १८४७ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी बसवला. ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांच्या हस्ते चर्चचं पवित्रीकरण झालं, पण तेव्हा कळस अपुराच होता. तो पुरा झाला १० जून १८६५ रोजी. मधल्या काळात निधीची जुळवाजुळव चालू होती. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीही त्यात हातभार लावला. १ जुलै १८६५ ला मुंबईतला कापसाचा सट्टा कोसळला, त्याच्या अवघ्या तीन आठवडे आधी हे काम संपलं होतं.

ऑक्सफर्डच्या जे. एम. डेरिक यांचा पहिला आराखडा खर्चापायी बाजूला पडला आणि काम हेन्री कॉनीबेअर यांच्याकडे आलं. हे शहराचे अभियंता. विहार तलावाचं पाणी मुंबईत आणण्याची योजनाही त्यांचीच. त्यांनी तेराव्या शतकातल्या इंग्लिश गॉथिक वळणाची इमारत उभी केली. दगड स्थानिक : पिवळसर छटेचा बेसॉल्ट, जोडीला चुनखडीचा दगड.

आत गेल्यावर आधी मागच्या बाजूला थांबा. लोक बसतात ते लांब दालन म्हणजे नेव्ह, आणि पूर्वेकडे वेदीचा भाग म्हणजे चॅन्सेल. देवळाच्या भाषेत सभामंडप आणि गाभारा. कमानी टोकदार आहेत, त्याला कारण आहे. अर्धगोल कमान भार बाजूला जास्त ढकलते. टोकदार कमान तो अधिक उभा खाली उतरवते. त्यामुळे उंची आणि रुंदी वेगवेगळी ठेवता येते, भिंतीत मोठ्या खिडक्या काढता येतात. उरलेला रेटा बाहेरचे टेकू-खांब घेतात. बाहेर पडल्यावर तेही पाहा. मग फरशी : भौमितिक नक्षीच्या या टाइल्स इंग्लंडहून आल्या. वेदीमागचा पडदा, जाळी आणि टाइल्सची आखणी विल्यम बटरफिल्ड यांची. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांची रंगीत काच विल्यम वेल्स यांची. मनोऱ्यातल्या आठ घंटा लफबरोच्या टेलर कारखान्यातून १९०४ साली आल्या.

जायची वेळ सकाळची ठेवा. पूर्वेच्या खिडकीचे रंग तेव्हाच खुलतात. दुपारनंतर त्याच काचा मंद वाटतात.

बाकांच्या मागे खाचा कसल्या? (वाचक, पुणे)

बंदुका टेकवायच्या. १० मे १८५७ रोजी मेरठला उठाव झाला तो रविवारी संध्याकाळी, गोरे शिपाई चर्चला निघण्याच्या वेळेस. त्यानंतर छावणीतल्या चर्चमध्ये शिपायांनी हत्यार घेऊनच यायचं, असा शिरस्ता पडला. खाच बोटाने चाचपून पाहा : बंदुकीची नळी आडवी घसरू नये एवढीच तिची खोली असते.

अँग्लिकन आणि कॅथलिक चर्च बाहेरून ओळखता येतं का? (वाचक, वसई)

बाहेरच्या पाटीवरून सहज. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि इथल्या बहुतेक अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळ्या त्यात आल्या; पाटीवर तेच नाव असतं. आत पापनिवेदनाची लाकडी कपाटं सहसा दिसत नाहीत. भिंतीवर मात्र संगमरवरी स्मृतिफलकांची दाटी असते. तरी दिसण्यावर फार जाऊ नका. अँग्लिकनांत ‘हाय चर्च’ नावाचा पंथ आहे, त्यात धूप, मेणबत्त्या, झगे सगळं असतं. पुण्याच्या पंचहौद मिशनचं होली नेम चर्च त्याच वळणाचं. १८९० च्या चहा प्रकरणात रानडे-टिळकांची नावं गाजली, ते मिशन हेच.

आमचं चर्च १८० वर्षांचं, दगडी. तीन वर्षांपूर्वी सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरून घेतल्या. आता ओल वाढली आहे आणि खिडकीभोवतीच्या मऊ दगडाचे पापुद्रे निघताहेत. काय करावं? (चर्च समितीचे सदस्य, कोकण)

तुमच्यासारखी पत्रं आमच्याकडे सर्वात जास्त येतात, म्हणून उत्तर सविस्तर.

दोष दगडाचा नाही, दर्जांचा आहे. काळा दगड पाणी जवळपास पीत नाही. पूर्वी भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दर्जांमधून बाहेर पडून वाळायचं. सिमेंट कडक आणि बंद. ते भिंतीबरोबर हलत नाही, त्यामुळे कडेला केसाएवढ्या भेगा पडतात. पावसाचं पाणी तिथून आत जातं आणि वाळताना एकच वाट सापडते : खिडकीच्या चौकटीचा सच्छिद्र, मऊ दगड. पाण्याबरोबर आलेलं मीठ पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतं आणि पापुद्रा सुटतो. समुद्राच्या हवेत हे फार लवकर होतं.

दर्जांना हात लावण्याआधी पाण्याचा उगम शोधा. भर पावसात छत्री घेऊन चर्चभोवती फिरा. पन्हळ कुठे तुंबते, उतरणीचा पाइप कुठे भिंतीला लागून गळतो, कौलं कुठे सरकली आहेत, हे तेव्हाच दिसतं. वेदी पूर्वेला असल्याने दाराकडची भिंत पश्चिमेला येते आणि नैर्ऋत्येचा मारा तीच झेलते; तिकडे जास्त वेळ द्या. पिंपळाचं रोप उपटू नका, मुळाबरोबर दगड निसटतात. ते बुंध्याशी कापा, मूळ मारा, आणि वाळल्यावरच तेवढा भाग उकलून परत बांधा.

काम नोव्हेंबर अखेरीस सुरू करा, भिंतीला वाळायला वेळ मिळतो. सिमेंट काढायचं ते छिन्नी-हातोडीनेच. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा कापल्या जातात आणि बारीक दरज कायमची रुंद होते. सुटत नसलेलं सिमेंट ओढून काढू नका; दगडाची कड जाणार असेल तर ते तसंच राहू द्या. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, आणि किमान २५ मिलिमीटर हवी. त्याहून उथळ भरलेला चुना दोन पावसाळ्यांत गळून पडतो.

कळीचा चुना विरवून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा आणि गाळून घ्या. मापाने एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, मीठ आत जाईल. सुरखी कमी भाजलेल्या विटांची घ्या; खंगर, म्हणजे जास्त भाजलेल्या, विटेची पूड चुन्याशी नीट धरत नाही. मिश्रण चुन्याच्या घाण्यात किंवा कुटून चांगलं मळा. घट्ट ठेवा; मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी निथळू नये.

भरण्याआधी दरज आदल्या दिवशी आणि पुन्हा तासभर आधी भिजवा. माल दाबून, थर देत भरा आणि दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. दगडावर पसरवला की पातळ कड पहिल्यांदा सुटते. थोडा घट्ट झाला की राठ ब्रशने टोचून घ्या, म्हणजे वरची साय मोडते आणि हवा आत जाते. मग ओलं गोणपाट लावून सात ते दहा दिवस जपा. सगळा बिघाड बहुतेक इथेच होतो : उन्हात चुना भराभर वाळतो, भुसभुशीत राहतो, आणि लोक म्हणतात चुन्यात दम नाही.

आधी एक चौरस मीटरचा नमुना करून महिनाभर पाहा. सिलिकॉन किंवा अ‍ॅक्रिलिकचा ‘वॉटरप्रूफ’ लेप मात्र कोणी कितीही सांगितलं तरी लावू नका. पाणी आतच कोंडलं जाईल.

रंगीत काचेची खिडकी आत फुगली आहे. दाबून सरळ करता येईल का? (वाचक, नाशिक)

हात लावू नका, काच तडकेल. काचा ज्या शिशाच्या पट्ट्यांत धरलेल्या असतात, त्या शंभर-सव्वाशे वर्षांत थकतात. शिवाय पट्ट्या तांब्याच्या तारेने आडव्या लोखंडी गजांना बांधलेल्या असतात. तार तुटली की वाऱ्याने खिडकी हलायला लागते. गज गंजले की फुगतात आणि आजूबाजूचा दगडही फोडतात. भिंतीवर ओळंबा लावून फुगवटा मोजा, तारखेनिशी फोटो काढा आणि सहा महिन्यांनी परत मोजा. वाढत असेल तर जाणकाराकडून चौकट उतरवून पट्ट्या बदलाव्या लागतात.

धुताना अमोनिया, आम्ल किंवा घासणी वापरू नका. चेहऱ्यांवरची रेखाटलेली छटा निघून जाते. डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापूस आधी साध्या, न रंगवलेल्या काचेवर फिरवून पाहा. बाहेरून प्लास्टिकचा पत्रा लावलाच तर वर-खाली हवेला फट ठेवा, नाहीतर मध्ये उष्णता आणि दव साठतं.

पणजोबांचा बाप्तिस्मा मुंबई इलाख्यात झाला होता. नोंद कुठे मिळेल? (वाचक, इंग्लंड)

आधी त्या चर्चच्या मूळ नोंदवहीची चौकशी करा. इलाख्यातल्या नोंदींच्या प्रती लंडनला जात असत. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबईचा संच ‘एन/३’. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सहसा जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि वडिलांचा हुद्दा सापडतो. भर मात्र युरोपीय आणि युरेशियन कुटुंबांवर आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या नोंदी विरळ. म्हणून मिशनची स्थानिक वही आधी पाहा, आणि आडनाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहून शोधा.