जुन्या लॅपटॉपसाठी बोधी लिनक्स टाकू का?

कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० रखडतंय आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याचा मोफत सपोर्टही संपला. हलकं पण देखणं असं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) हवंय, तर त्यातलंच बोधी टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

टाका, बिनधास्त. बोधी ७ उबुंटू २२.०४ (लिनक्सचाच एक लोकप्रिय प्रकार) वर उभं आहे आणि तुमचा प्रोसेसर ६४-बिट असल्याने अडचण नाही. (खरोखरच ३२-बिट मशीन असेल, तर पर्याय दिवसेंदिवस आटत चाललेत, डेबियन १३ या लिनक्समध्येही ३२-बिट इन्स्टॉलरच मिळत नाही.)

बोधीचा मोक्षा डेस्कटॉप (पडद्यावर दिसणारे मेनू, खिडक्या, पट्ट्या हे सगळं) एन्लायटनमेंट १७ या जुन्या डेस्कटॉपवरून २०१५ मध्ये वेगळा निघाला. सावल्या, सरकते मेनू, थीम सगळं आहे, तरी रॅम फारशी खात नाही. रिकाम्या डेस्कटॉपवर कुठेही लेफ्ट क्लिक केलं की मुख्य मेनू तिथेच उघडतो. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होतं, मग हात बसतो. सोबत येणारी अ‍ॅप्स मोजकीच असतात. मला तेच आवडतं.

पण डेस्कटॉप कितीही हलका असला, तरी ब्राउझर तोच राहतो. दोन जीबीत चार-पाच टॅब उघडले की मशीन स्वॅपवर (रॅम भरल्यावर तिच्याऐवजी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) जातं, आणि स्वॅप फिरत्या डिस्कवर असेल तर माउससुद्धा अडकत अडकत हलतो. म्हणून झेडरॅम चालू करा. रॅममधला कमी वापरातला भाग डिस्कवर न टाकता रॅममध्येच कॉम्प्रेस करून, म्हणजे कमी जागेत, ठेवला जातो. त्याहून मोठा फरक एसएसडीने (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) पडतो. एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तिच्यावर करा, डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कोणतीही घ्या.

यूट्यूब अडखळलं तर लगेच लिनक्सला दोष देऊ नका. साइट व्हीपी९ सारख्या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवते, आणि तुमचा ग्राफिक्स चिप तो उलगडू शकत नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४ या जुन्या फॉरमॅटमध्येच व्हिडिओ मागणारं ब्राउझर एक्सटेन्शन मिळतं, ते टाका आणि ४८०पी क्वालिटीवर समाधान माना.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर काहीही न टाकता) चालवून बघा. व्हेन्टॉय हे साधन वापरलंत तर एकाच पेनड्राइव्हवर बोधी, लुबुंटू, एमएक्स अशा वेगवेगळ्या लिनक्सच्या आयएसओ फाइली (इन्स्टॉलसाठी डाउनलोड केलेल्या) नुसत्या कॉपी करून ठेवता येतात. लाइव्हमध्ये वेग तपासू नका, पेनड्राइव्हवरून सगळंच संथ चालतं. तपासायचं ते वायफाय (ब्रॉडकॉम चिप असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो), आवाज, ब्राइटनेसची बटणं, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का ते. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात.

मोक्षाशी जमलं नाही तर लुबुंटू घ्या. रूपाने साधं, पण मेनू, टास्कबार सगळं ओळखीच्या जागी. आणि डिस्क पुसण्याआधी फोटो-कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा; इन्स्टॉलर विचारतो एकदाच.