ओलाफ नेमका कोणता? वडिलांचं नाव धरा

९३७ साली इंग्लंडमधल्या ब्रुनानबुर्हच्या लढाईत हरलेला डब्लिनचा नॉर्स (व्हायकिंग) राजा ओलाफ आणि ९८० साली आयर्लंडमधल्या ताराच्या लढाईत हरलेला डब्लिनचा ओलाफ एकच का, असं तुम्ही विचारलंत. नाही, ते चुलत भाऊ. पहिला गुथफ्रिथचा मुलगा, दुसरा सिट्रिकचा.

गोंधळ होणारच, कारण इंग्लंडमधल्या यॉर्कची गादीही दोघांनी पाठोपाठ मिळवली. ९३९ मध्ये इंग्रजांचा राजा अथेलस्टन वारला, तसं गुथफ्रिथच्या ओलाफने यॉर्क घेतलं. ९४१ मध्ये तोही गेला आणि सिट्रिकचा ओलाफ तिथे बसला. त्यात इंग्रज बखरीत बऱ्याच ठिकाणी नुसतं 'अनलाफ', म्हणजे ओलाफच! आयरिश नोंदी मात्र बापाचं नाव देतात: मॅक म्हणजे मुलगा. म्हणून मी आधी बाप शोधते, मग साल बघते.

ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटाच्या गादीवर मात्र तेवढ्याने भागत नाही. गॉड्रेड क्रोव्हनचा मुलगा ओलाफ, त्याचा मुलगा गॉड्रेड, त्याचा पुन्हा ओलाफ. आजोबांचं नाव नातवाला, ही रीत आपल्याला काही नवी नाही. पण त्यामुळे दोघेही 'ओलाफ गॉड्रेडसन' झाले! पहिल्याला ११५३ मध्ये पुतण्यांनी मारलं. दुसरा, 'काळा ओलाफ', १२३७ मध्ये वारला. नॉर्वेचे राजे ओलाफ ट्रिग्वासन आणि संत ओलाफ आणखी वेगळे, त्यांना यात आणू नका.

नावाचा मूळ अर्थ साधारण 'पूर्वजांचा वंशज'. मूळ नावातला 'न' नॉर्स लोकांच्या बोलण्यातून गळाला, इंग्रजांच्या 'अनलाफ'मध्ये टिकला. गुथफ्रिथच्या ओलाफने यॉर्कला पाडलेल्या चांदीच्या पेनीवर तो दिसतो. एका बाजूला पंख पसरलेला डोमकावळा, भोवती रोमन अक्षरांत 'अनलाफ कुनुंक'. इंग्रज राजे नाण्यावर लॅटिन 'रेक्स' लिहीत; याने राजासाठी आपल्या भाषेतला शब्द कोरला. हे नाणं मला फार आवडतं.

सिट्रिकच्या ओलाफला आयरिश लोक 'कुअरान' म्हणत, म्हणजे वहाण. त्या टोपणनावाने शोधलंत तर तो लगेच सापडेल. ९४३ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा इंग्रजांचा राजा एडमंड धर्मपिता होता. ताराच्या पराभवानंतर तो गादी सोडून यात्रेकरू म्हणून स्कॉटलंडच्या आयोना बेटावरच्या मठात गेला आणि तिथेच वारला. याच मठात ८०६ साली व्हायकिंगांनी ६८ जणांना कापलं होतं.