स्विंगमधली चार हजार ओळींची बिलाची विंडो कशी आवरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावा स्विंगमध्ये (विंडो, बटणं बनवायच्या जावाच्या लायब्ररीत) दुकानाच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, बिलाच्या विंडोचा एकच क्लास चार हजार ओळींवर गेलाय, एका ठिकाणी हात लावला की दुसरीकडे काहीतरी मोडतं. मग सगळ्या फॉर्मसाठी एक 'बेसफॉर्म' क्लास काढून बाकीचे त्यातून इनहेरिट करावेत (त्याचा कोड वारशाने घ्यावा) का?

नको. हा सल्ला तुम्हाला आणखी चार जण देतील म्हणून आधीच सांगतो. बेसफॉर्ममुळे ओळी कमी होतात, गुंता तेवढाच राहतो. थोड्याच दिवसांत त्यात 'रिपोर्टचा फॉर्म असेल तर प्रिंटचं बटण दाखव' असले इफ शिरतात आणि एका फॉर्मसाठी केलेली दुरुस्ती सगळ्यांना भोवते. खरं तर जेफ्रेम (स्विंगची विंडो) एक्स्टेंड करायचीही सहसा गरज नसते. जेपॅनल (विंडोत बसणारा फलक) बनवा आणि साध्या फ्रेममध्ये ठेवा.

तुमची अडचण वेगळी आहे. एवढ्या मोठ्या बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये 'बिल' नावाचा ऑब्जेक्टच नाही! रक्कम आहे ती टेक्स्टफील्डमध्ये, स्ट्रिंग म्हणून. गिऱ्हाईक आहे ते कॉम्बोबॉक्समध्ये. बेरीज हवी असली की टेबलच्या खान्यांतला मजकूर वाचायचा आणि त्याचे आकडे करायचे. स्क्रीन हीच हिशेबाची वही झाली आहे.

तुम्ही दिलेल्या कोडच्या तुकड्यातलंच घ्या. जीएसटी नंबरच्या फील्डला लावलेला फोकस लिसनर (फील्डमध्ये शिरताना किंवा ते सोडताना चालणारा कोड) पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्राचे, आहेत का बघतो. असले तर १८ टक्क्यांचे ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा), नाहीतर सगळाच आयजीएसटी (आंतरराज्य). हीच तपासणी नग बदलल्यावर पुन्हा आहे आणि प्रिंटच्या बटणात तिसऱ्यांदा. (मुळात कर ठरतो तो पुरवठ्याच्या ठिकाणावरून, गिऱ्हाइकाच्या नंबरावरून नव्हे. पुण्यातल्या दुकानात येऊन माल घेऊन जाणाऱ्या गोव्याच्या माणसाला हा कोड चुकीचा कर लावू शकतो. तेही बघा.) आता हा नियम सुधारायचा तर तीन जागी सुधारावा लागणार, आणि त्यातली एक हमखास राहणार.

म्हणून 'बिल' हा साधा जावा क्लास करा. ओळी, गिऱ्हाईक, पुरवठ्याचं राज्य हे त्याच्यापाशी. कर किती, एकूण किती, जतन करता येईल का, ही उत्तरं त्याच्याच मेथडनी द्यायची. एकच अट कडक पाळा: त्या फाइलमध्ये स्विंगचा एकही इम्पोर्ट नको. मग विंडो न उघडता जेयुनिटमध्ये (कोडच्या चाचण्या चालवणाऱ्या साधनात) कर तपासता येतो.

बिल बदललं हे स्क्रीनला कळवायला प्रॉपर्टीचेंजसपोर्ट (बदलाची वर्दी देणारा जावाचा तयार क्लास) पुरतो. जुनं आणि नवं मूल्य सारखं असलं तर तो गप्प बसतो, त्यामुळे स्क्रीनने बिल बदललं, बिलाने स्क्रीन बदलली असं चक्र आपोआप तुटतं. पण पैसे बिगडेसिमलमध्ये (अचूक दशांश आकड्यांच्या क्लासमध्ये) ठेवत असाल (डबलमध्ये ठेवूच नका, त्यात दशांश अचूक राहत नाहीत) तर त्याच्या इक्वल्स या तुलनेच्या मेथडला १०० आणि १००.०० वेगळे वाटतात. दोन दशांशांवर आणूनच साठवा. आणि डॉक्युमेंट लिसनरच्या (फील्डमधला मजकूर बदलला की चालणाऱ्या कोडच्या) आतून त्याच फील्डवर सेटटेक्स्ट केलंत की एक्सेप्शन येतं, तेव्हा तो मोह टाळा.

टेबलसाठी डिफॉल्टटेबलमॉडेल (टेबलला डेटा पुरवणारा स्विंगचा तयार क्लास) सोडा. तो डेटाची स्वतःची प्रत धरून बसतो, म्हणजे पुन्हा दोन वह्या. अ‍ॅब्स्ट्रॅक्टटेबलमॉडेलमध्ये तीनच मेथड लिहाव्या लागतात: ओळी किती, कॉलम किती, आणि या खान्यात काय. तिसरी मेथड थेट बिलाच्या ओळीला विचारते. खान्यात टायपायचंही असेल तर आणखी दोन. एक ओळ बदलली तर तेवढीच बदलल्याचं कळवा. सरसकट फायरटेबलडेटाचेंज्ड केलंत, म्हणजे सगळंच टेबल बदललं असं कळवलंत, तर निवडलेली ओळ सुटते आणि काउंटरवरचा माणूस वैतागतो.

बटणांचं काम याहून सोपं. जतन मेनूत आहे, टूलबारवर आहे, कंट्रोल-एसलाही आहे, आणि तिघांना चालू-बंद करणारा कोड सगळीकडे विखुरलाय. स्विंगमध्ये यासाठी अ‍ॅक्शन (एक काम आणि ते चालू की बंद हे एकत्र धरणारा ऑब्जेक्ट) पहिल्यापासून आहे. अ‍ॅब्स्ट्रॅक्टअ‍ॅक्शनमधून 'जतन'चा एकच ऑब्जेक्ट करा आणि तोच तिन्हीकडे द्या. बिल बदललं की बिलालाच विचारून या ऑब्जेक्टवर सेटएनेबल्ड एकदाच करायचं, बटण, मेनू आणि शॉर्टकट तिन्ही एकदम बंद-चालू होतात. इथे इनहेरिटन्स शोभतो, कारण वारसा छोट्या, ठरलेल्या कामाचा आहे.

कोणीतरी तुम्हाला एमव्हीसी (मॉडेल म्हणजे डेटा, व्ह्यू म्हणजे स्क्रीन, कंट्रोलर म्हणजे वापरणाऱ्याची कृती हाताळणारा भाग, हे तिन्ही वेगळे ठेवायची पद्धत) सांगेल आणि प्रत्येक फॉर्मला कंट्रोलर क्लास काढायला लावेल. ती कल्पना त्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडली. स्विंगच्या कर्त्यांनी मात्र व्ह्यू आणि कंट्रोलर एकत्रच केले आणि मॉडेल तेवढं वेगळं ठेवलं. तुम्हीही मॉडेलवर जोर द्या, नावांच्या वादात पडू नका.

सगळं एकदम पुन्हा लिहायला घेऊ नका, दुकान चालू आहे. आधी फक्त कर बाहेर काढा आणि जुन्या लिसनरना तीच मेथड बोलवू द्या. मग टेबल, मग अ‍ॅक्शन. डेटाबेसमध्ये जतन करताना स्क्रीन गोठते म्हणालात, त्याला स्विंगवर्कर (लांबलचक काम स्क्रीनच्या मागे चालवणारा क्लास) आहे, पण तो शेवटी घ्या. त्याला चालू बिल न देता बिलाची प्रत द्या, नाहीतर मागे जतन चालू असताना पुढे कोणीतरी नग बदलेल.