ओढा काळा का छापलाय?

प्रश्न : सर, पोरानं आमच्या भागाचं टोपोशीट (ओढे, विहिरी, उंचसखलपणा दाखवणारा सरकारी नकाशा) डाउनलोड करून दिलं. त्यात आमचा ओढा काळ्या रेषेनं दाखवलाय, छपाईची चूक आहे का? ओढ्याच्या कडेला ५ आणि पुढं इंग्रजी आर असं लिहिलंय, ते काय? आणि गट नंबर कुठंच दिसत नाय, बांधाचा वाद आहे म्हणून विचारतोय.
– एक वाचक, ता. मोहोळ

उत्तर : चूक नाही ओ. सर्व्हे ऑफ इंडियाच्या या शीटवर निळा म्हणजे बारमाही पाणी आणि काळी रेघ म्हणजे पावसापुरता वाहणारा ओढा. आता आपल्या सोलापुरात दिवाळीनंतर किती ओढ्यांत पाणी असतं तुम्हीच सांगा, त्यामुळं शीटवर काळ्या रेघा जास्त दिसणारच!

५ आर म्हणजे तिथली दरड, म्हणजे ओढ्याचा उभा काठ, आजूबाजूच्या जमिनीपासून साधारण ५ मीटर खोल, तलावाच्या बांधाशी लिहिलं असेल तर बांधाची उंची. आपल्यासाठी हा आकडा लई कामाचा, कारण १:५०,००० च्या शीटवर तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीत २० मीटरच्या अंतरानं असतात, सह्याद्रीत त्या गिचमिड दिसतात पण आपल्या सपाट रानात दोन रेषांमध्ये अख्खं शिवार बसतं आणि ५ मीटरची दरड तिथं पार हरवून जाते. म्हणून मी आपल्याकडचं शीट वाचताना आधी ओढे बघतो, मग विहिरी. विहिरींचे ठिपके बऱ्याचदा ओढ्याच्या कडेनं रांगेत दिसतील, कारण खाली काळा पाषाण, पाणी काय ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि ओढ्याकाठी ते त्यातल्या त्यात लवकर लागतं.

गट नंबर इथं शोधू नका, तो भूमी अभिलेखच्या गाव नकाशावर. या शीटवर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, तुमच्या बांधाचा सगळा वाद त्या रेघेच्या जाडीत मावेल, त्यासाठी सरकारी मोजणीच मागवा.

अजून एक, शीटवर सर्व्हेचं साल छापलेलं असतं ते आधी बघा. उजनी धरणात पाणी अडवायच्या आधीचं, म्हणजे १९८० पूर्वीचं शीट असेल तर करमाळ्याकडं भीमा नुसती नदीच दिसते आणि आता जिथं पाणी आहे तिथं गावं. तुमच्या ओढ्याचंही तसंच, मधल्या काळात जेसीबी लावून नाला खोलीकरण झालं असेल तर ते ५ आर आता खरं नाही, दोरी सोडून मोजा.